'वॉटरशिप डाऊन' मुलांसोबत वाचताना: सशाचे दात आणि शाळेच्या चौकटी

पिंपळपान

आमच्या सोसायटीत (गोरेगाव पूर्व) रविवारी सकाळी मुलांचं वाचन असतं. सातवी-आठवीतली पोरं, सोसायटीचं ऑफिस, मेंटेनन्सच्या फायली एका कोपऱ्यात सारलेल्या. सध्या रिचर्ड ॲडम्सची 'वॉटरशिप डाऊन' चालू आहे. वाचतो इंग्रजीतून, भांडतो मराठीतून. पोरं रंगलीत. पण त्यातल्या दोघींना शाळेतून याच पुस्तकावर प्रोजेक्ट आलाय. एक कागद आणि त्यावर चौकटी: वातावरण, पात्रं, संघर्ष, पूर्वसूचना, उत्कर्षबिंदू, प्रतीक, आशय. दोघींनी नेटवरून बघून चौकटी भरल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. 'संघर्ष: ससे विरुद्ध जनरल वुंडवर्ट.' चूक काहीच नाही, पण त्यात पुस्तकही कुठे नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (शेवट फोडणार आहे, नको असेल तर इथूनच मागे फिरा.) १९७२ची कादंबरी. ॲडम्स ब्रिटनमध्ये सरकारी नोकरीत होते. गाडीतल्या लांबच्या प्रवासात दोन मुलींना सांगितलेली ही गोष्ट, मुली मागे लागल्या म्हणून कागदावर आली. टेकड्या, नद्या, शेतं सगळं इंग्लंडच्या नकाशावर सापडतं. फायव्हर नावाच्या किरकोळ अंगाच्या सशाला आपल्या कुरणावर रक्त पसरलेलं दिसतं. वसाहतीचा मुखिया ऐकत नाही. मग फायव्हरचा भाऊ हेझल मूठभर ससे घेऊन बाहेर पडतो. बरीच वणवण करून ते वॉटरशिप डाऊन टेकडीवर बिळं करतात, आणि तेव्हा लक्षात येतं की सोबत मादी एकही नाही. माद्या मिळवायच्या तर एफ्राफा नावाच्या लष्करी शिस्तीच्या वसाहतीतून, आणि तिथे वुंडवर्टचं राज्य.

मी त्या दोघींना चौकटी बाजूला ठेवायला सांगून एकच काम दिलं: या पुस्तकात ससे कुठेकुठे कुरतडतात ते शोधा. खाण्यासाठी कुरतडलेलं धरायचं नाही.

सापडलं ते असं. टोळीतला धिप्पाड ससा बिगविग तारेच्या फासात अडकतो. तार सशाला तुटणारी नाही, पण तार ज्या खुंटीला बांधलीय ती लाकडाची आहे हे टोळीतल्याच ब्लॅकबेरीच्या डोक्यात येतं. ते माती उकरून खुंटी कुरतडतात. पुढे नटहँगर नावाच्या शेतावर खुराड्यात पाळलेले ससे असतात. खुराड्याच्या दाराच्या बिजागऱ्या चामड्याच्या, म्हणून दार निघतं. एफ्राफातून माद्या घेऊन पळताना नदीकाठी बांधलेली होडी असते, तिचा दोर कुरतडून ते प्रवाहाबरोबर निसटतात. आणि शेवटी वुंडवर्टची फौज बिळाच्या तोंडाशी आलेली असताना हेझल त्याच शेतावर जातो आणि बांधलेल्या कुत्र्याचा दोर कुरतडतो.

कृती तीच, दरवेळी तिच्यावर लागलेलं मोल वाढत जातं. आधी एक मित्र, मग चार कैदी, मग अख्खी टोळी. चौथ्या वेळी तर सोडवायचंय ते सशाच्या जन्मजात वैऱ्याला! सशाला हात नाहीत, हत्यार नाही, दात आहेत. लेखकाने ही मर्यादा शेवटपर्यंत पाळली आणि कथानकाचे सांधे तिच्यावरच बसवले. 'उत्कर्षबिंदू' या चौकटीत मुलींनी आता काय लिहायचं ते त्यांचं त्यांना कळलं.

माझं म्हणणं असं, की प्राण्यांच्या साहसकथेतलं कुठलंही तंत्र आधी प्राण्याच्या शरीरात शोधावं, व्याख्या नंतर. बाकीच्या चौकटी याच रीतीने कशा उलगडता येतील? जाणकारांनी हातभार लावावा.

बोकोबा

वाचनखूण साठवली. हे पुस्तक दोनदा वाचूनही खुंटी आणि कुत्र्याचा दोर एका माळेत आहेत हे लक्षात आलं नव्हतं. पॉपकॉर्न घेऊन बसतो, दादूस येईलच विरोध करायला.

दादरचा_दादूस

आलो. :)

दाताचा मुद्दा मान्य. पण 'शरीर आधी' हे जरा ताणलेलं वाटतं. एफ्राफा बघा. सशांच्या गटवाऱ्या, प्रत्येकाच्या अंगावर चावून केलेली गटाची खूण, चरायला बाहेर पडायच्या ठरलेल्या वेळा, गस्ती, कप्तान, पळून जाणाऱ्याचे कान फाडून त्याला दारात उभं करणं. कुठला ससा करतो हे? ॲडम्स दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, हेझल आणि बिगविग त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांवरून बेतले. म्हणजे ही सैनिकांचीच गोष्ट आहे, कातडं तेवढं सशाचं. आपल्या पंचतंत्रातले करटक-दमनक कोल्हे म्हणून ओळखले जातात, पण वागतात दरबारातल्या मंत्र्यांसारखे. इथे वेगळं काय आहे?

आणि उत्कर्षबिंदूचं म्हणाल तर हेझलला मांजर धरतं तेव्हा शेतावरची लहान मुलगी येऊन सोडवते, आणि मग तो चक्क मोटारीतून टेकडीजवळ पोचतो. हे कुठल्या दाताने झालं?

पिंपळपान

दादूस, मुलगी आणि मोटार हा आडून आलेला योगायोग आहे हे लेखकाला पुरतं ठाऊक आहे. त्या प्रकरणाला नावच त्याने ग्रीक नाटकातल्या यंत्रातून उतरणाऱ्या देवतेचं दिलंय, 'डेआ एक्स माकिना'. पण तो योगायोग येतो कधी ते बघा. कुत्रा सुटलाय, टेकडीकडे धावलाय. लढाईचं पारडं फिरवणारी गोष्ट सशांनी स्वतः केलेली आहे. देवता येते ती फक्त हेझलला घरी सोडायला. हीच मुलगी बिळात वुंडवर्टशी झुंजणाऱ्या बिगविगच्या मदतीला आली असती तर पोरांनी पुस्तक फेकून दिलं असतं. आमच्या गटातल्या एकाने 'हे चीटिंग आहे' म्हटलंच, तेव्हा आम्ही नेमका हाच हिशोब मांडला: योगायोगाने संकट येऊ दे, वाढू दे, नायकाने आपली किंमत मोजल्यावर तो वाचूही दे, पण मुख्य गाठ योगायोगाने सोडवायची नाही. दोघांना तरीही पटलं नाही. हरकत नाही.

शेवंती७३

निवृत्त मराठीची बाई बोलतेय, तेव्हा थोडं लांबेल.

करटक-दमनकांची तुलना मला उपयोगी वाटते, पण ती दादूसच्या विरुद्ध जाते. पंचतंत्रातल्या कोल्ह्याच्या जागी तरस घातलं तरी कथेचं फारसं बिघडत नाही, कारण विष्णुशर्म्याला राजनीती शिकवायची आहे. तिथे प्राणी म्हणजे स्वभावाची खूण. 'वॉटरशिप डाऊन'मधून ससा काढून हरीण घालून बघा. बीळ गेलं, फास गेला, खुंटी गेली, सगळी कादंबरी ढासळते. ॲडम्स यांनी रोनल्ड लॉकली या निसर्ग-अभ्यासकाचं १९६४चं रानसशांवरचं पुस्तक हाताशी ठेवून लिहिलं, आणि कादंबरीत त्यांचं नावही घेतलंय. नर ससे बिळं खणायला नाखूश असतात, ते काम माद्यांचं, हे त्यातूनच आलंय. पुढे या नरांना स्वतःच खणायला बसावं लागतं, तो प्रसंग मजेचाही आहे आणि टोळी बदलत चालल्याचं चिन्हही आहे.

आता पूर्वसूचना. मुलांना पहिलं प्रकरण पुन्हा उघडायला सांगा. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर दुसऱ्या कुठल्यातरी ग्रंथातला उतारा आहे. पहिल्यावर एस्किलस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या नाटकातली कासांड्रा आहे. तिला भविष्य दिसतं, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा शाप. आपल्याकडे सहदेवाची गोष्ट सांगतात: त्याला सगळं कळायचं, पण विचारल्याशिवाय बोलता यायचं नाही. फायव्हर तोंड उघडायच्या आधीच लेखकाने कळत्या वाचकाला सांगून टाकलंय की हा खरं बोलणार आणि याचं कुणी ऐकणार नाही. बारा वर्षांच्या मुलाला एस्किलस कळायची गरज नाही. दुसऱ्या वाचनाला ते त्याला सापडेल.

पण पूर्वसूचनेचा अस्सल नमुना हवा असेल तर वाटेत लागणाऱ्या काउस्लिप नावाच्या सशाच्या वसाहतीची प्रकरणं घ्या. तिथले ससे गलेलठ्ठ आहेत, देखणे आहेत, पाहुण्यांशी गोड बोलतात. रोज कुणीतरी शेताजवळ गाजरं टाकून जातं. बिळं प्रशस्त, पण अर्धी रिकामी. 'अमुक कुठे गेला?' असं विचारलं की ते विषय बदलतात किंवा दुसरंच काही बोलायला लागतात. डँडेलियन त्यांना सशांचा आदिपुरुष एल-अहरायरा याची चातुर्यकथा सांगतो, तर ते सभ्यपणे ऐकतात आणि 'आम्ही आता असल्या गोष्टी सांगत नाही' असं सुचवतात. मग त्यांचा कवी मरणाला कवटाळणारी कविता म्हणतो. फायव्हर थरथरत बाहेर पळतो. फास अजून एकदाही दिसलेला नाही!

यातली प्रत्येक गोष्ट वाचकासमोर उघडी आहे. लेखक एकदाही 'सावधान' म्हणत नाही. वर्गात मी हा भाग वाचून थांबायचे आणि विचारायचे, 'इथे राहाल का?' अर्धे हो म्हणायचे. बिगविग अडकल्यावर तेच मागची पानं उलटायला लागायचे. पूर्वसूचना म्हणजे काय हे त्या मागे उलटलेल्या पानांत कळतं, फळ्यावर लिहून कळत नाही.

अवांतर: मोठ्यांसाठी पण याच वाटेवरचं मराठीतलं उदाहरण म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. वानरांच्या टोळ्यांतली सत्तेची लढाई, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार. कॉलेजात गेल्यावर या मुलांच्या हाती जरूर द्या.

बोकोबा

बाई, दंडवत.

दादरचा_दादूस

शेवंतीबाई, काउस्लिपबद्दल पूर्ण अनुमोदन. हरणाचा मुद्दाही मान्य, निम्मा मागे हटतो. एफ्राफा मात्र मला अजून छावणीच वाटते. :)

खाडीकाठी

मी पक्षी बघणारा माणूस, साहित्याचा नव्हे. तरी दोन गोष्टी.

एक, किहार. जखमी होऊन सशांकडे येणारा तो समुद्रपक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव. हाच पक्षी हिवाळ्यात मुंबईत येतो. गेटवेवरून एलिफंटाच्या लाँचमागे जे पांढरे पक्षी लोकांनी टाकलेल्या खाऊसाठी घिरट्या घालतात, त्यांत तो असतो. मात्र तेव्हा त्याचं डोकं काळं नसतं, कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. काळी टोपी विणीच्या हंगामातली. मुलांना जानेवारीत दाखवा. कथेत त्याचं काम काय? सशाची नजर जमिनीलगतची, त्याला पलीकडच्या टेकडीमागे काय आहे ते कळणार नाही. लेखकाला माहिती आणायची आहे, तर तो उडणारा डोळा आणतो. आणि तोही फुकटात येत नाही, आधी सशांनी त्याला किडे आणून खाऊ घातलेले असतात. तसाच तो उंदीर. हेझल त्याला ससाण्यापासून बिळात आसरा देतो, बाकीचे म्हणतात कशाला हा उपद्व्याप, आणि शेवटच्या भागात उंदीरच येऊन सांगतो की परके ससे जवळ आलेत.

दुसरी गोष्ट घरच्या माणसाची. इंग्रजी लेखक रडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. त्याच्या मुंगसाच्या गोष्टीत चुचुंद्रा नावाचं एक पात्र आहे, म्हणजे आपली चिचुंद्री. रात्रभर भिंतीच्या कडेकडेने फिरते, खोलीच्या मधोमध जायचं धाडस करायचं ठरवते आणि कधीच जात नाही. आमच्या चाळीत तळमजल्यावर राहिलेल्या कुणालाही विचारा, चिचुंद्री अशीच चालते: मिशा भिंतीला लावून, चीं चीं करत, कोपरा आला की कोपऱ्यासकट वळत. किपलिंगने त्या चालीचंच भित्रेपण करून टाकलं. पात्राचा स्वभाव चार ओळींत उभा राहिला आणि प्राणीशास्त्र कुठे मोडलं नाही. पिंपळपानताईंच्या मुद्द्याला याहून नेटका पुरावा मला माहीत नाही.

ऋजुता_म

सगळं छान चाललंय, पण कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. पहिल्या अर्ध्या पुस्तकात माद्या जवळपास नाहीतच. आणि आल्या त्या 'वसाहत टिकायची तर माद्या हव्यात' म्हणून. माझी मुलगी बारा वर्षांची, तिने विचारलं, 'यांना कुणी विचारलं का यायचंय का म्हणून?' मुलींच्या चौकटीत 'आशय: स्वातंत्र्य आणि मैत्री' असं लिहायचं असेल तर हा प्रश्नही त्याच चौकटीत बसायला हवा.

पिंपळपान

ऋजुता, प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. एफ्राफातली हायझेंथ्ले हे थोडं उत्तर आहे. बिगविग पोचायच्या आधीच ती आणि तिच्या सोबतिणींनी वसाहत सोडून जायची परवानगी मागितलेली असते आणि ती नाकारलेली असते. म्हणजे सुटकेची इच्छा त्यांची स्वतःची आहे, बिगविग मार्ग घेऊन येतो. तरीही निवेदकाची नजर नरांसोबतच फिरते हे खरं. गृहपाठ म्हणून एफ्राफाचं एक प्रकरण हायझेंथ्लेच्या बाजूने लिहायला सांगते. 'दृष्टिकोन' ही चौकट त्यातच भरेल.

ऋजुता_म

हे चालेल. माझीला पण पाठवते, बोरिवलीहून यायला वीस मिनिटं. (रेल्वेचा मेगाब्लॉक नसेल तर!)

शेवंती७३

शेवटाकडची एक जागा राहिली. बिगविग अरुंद बिळात वाट अडवून उभा आहे, रक्तबंबाळ. वुंडवर्टसारखा धिप्पाड ससा त्याला म्हणतो, ये आमच्याकडे, उगाच मरतोस कशाला. बिगविग सांगतो की आमच्या मुखियाने मला ही वाट राखायला सांगितली आहे. वुंडवर्टच्या अंगावर काटा येतो. त्याने धरून चाललेलं असतं की एवढा तगडा गडी म्हणजे हाच मुखिया. मग याचा मुखिया केवढा असेल? वाचकाला माहीत आहे की मुखिया हेझल आहे, अंगाने बेताचा आणि गोळी लागून लंगडणारा. ही नाट्यात्म विसंगती. इथेही सगळं सशांच्या हिशोबाने चालतं, बरं का: वुंडवर्टची चूक होते कारण त्याच्या जगात मोठेपणा म्हणजे अंगाचा आकार. दादूस, तुमची ती छावणी सुद्धा त्याच हिशोबावर उभी आहे.

पिंपळपान

बाई, नाट्यात्म विसंगती म्हटल्यावर पहिल्या प्रकरणाचा शेवट सांगायलाच हवा. कुरणाच्या कडेला नवा फलक उभा राहिलाय. हेझल आणि फायव्हर तो हुंगतात, त्यांना वाचता येत नाही. ते निघून जातात आणि लेखक आपल्याला एकट्याला फलक वाचून दाखवतो: सहा एकर जागा, तिथे आधुनिक निवासस्थानं होणार. गोरेगावच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, आमच्या गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुनर्विकासाचेच फलक आहेत. एकाने लगेच विचारलं, 'सशांची संमतीपत्रं घेतली का?' आणि मग एका मुलीने आरेतल्या बिबट्याचं नाव काढलं. रात्री हे जंगलातून वस्तीकडे येतात, कुत्री उचलतात, तर त्यांना आपले फलक कसे दिसत असतील? तिला सांगितलं, लिही, पण बिबट्याला वाचता येता कामा नये.

खाडीकाठी

बिबट्यावर सगळेच लिहितील. मुंबईतली तयार कथा कावळ्याच्या घरट्यात पडलेली आहे. कोकिळा कावळीच्या घरट्यात अंडं घालते. कावळी ते उबवते, पिल्लाला भरवते. वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक, कावळीला ठाऊक नाही, आणि पिल्लालाही नाही. घरटं मुंबईचं करायचं तर काटक्यांबरोबर बांधकामावरच्या तारांचे तुकडे घाला, इथले कावळे खरंच वापरतात. पिल्लाने पहिल्यांदा तोंड उघडून 'काव' म्हणायचा प्रयत्न केला की उत्कर्षबिंदू.

बोकोबा

ही गोष्ट मी लिहिणार. कुणी आधी लिहिली तर भांडेन.

दादरचा_दादूस

बोक्याने कावळ्यावर लिहायचं म्हणजे दृष्टिकोनाचा प्रश्न आलाच.

नवी_आई

मध्येच विचारते. माझी नऊ वर्षांची आहे, हे सगळं वाचून तिला आत्ताच हवंय. रक्तबिक्त बरंच दिसतंय. झेपेल का?

पिंपळपान

एकटीला वाचायला देऊ नका, तुम्ही वाचून दाखवा. दोन जागा जड आहेत. बिगविगचा फास, आणि होली नावाचा ससा मागून येऊन जुन्या वसाहतीचं काय झालं ते सांगतो तो भाग. माणसांनी बिळांची तोंडं बुजवून आत विषारी वायू सोडलेला असतो. तो भाग झोपायच्या आधी नको, दिवसा वाचा, आणि त्याच बैठकीत पुढे जा. होलीसोबत ब्लूबेल नावाचा ससा येतो, तो सतत विनोद करतो. का करतो ते तिला विचारा, नऊ वर्षांच्या मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. किहार आला की सगळं हलकं होतं. त्याची भाषा मुळातच मोडकीतोडकी आहे, मी त्याला बंबैया हिंदी दिली. पोरं आता दुसऱ्या कुठल्या आवाजात ऐकायलाच तयार नाहीत.

नवी_आई

बंबैया जमेल. फासाच्या आधी थांबून 'इथे राहशील का' हेही विचारेन, शेवंतीबाईंसारखं.

शेवंती७३

विचारा. आणि ती 'हो' म्हणाली तर चेहऱ्यावर काही दाखवू नका.